ऑफन, युज्वली, हार्डली एव्हर, वन्स इन अ ब्लू मून: वारंवारतेचा क्रम कसा लावायचा?

वरून खाली असा क्रम धरा: ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली, हार्डली एव्हर, नेव्हर. पुस्तकांत यांच्यापुढे टक्के छापतात, पण ते पाठ करू नका. बोलणारा माणूस टक्के मोजत नाही.

जळगावच्या हवेवर वाक्यं करून बघा. मे महिन्यात ऊन कडक असतंच, तिथे ऑलवेज. एप्रिलमध्ये पाऊस क्वचितच, म्हणून ‘इट हार्डली एव्हर रेन्स इन एप्रिल’. आपली मुलं नेमकी इथेच अडतात: हार्डलीत नकार आधीच आहे, त्याच्यासोबत ‘डझन्ट’ लावायचं नाही.

‘एव्हरी नाऊ अँड देन’ म्हणजे अधूनमधून, समटाइम्सच्या आसपास. ‘वन्स इन अ ब्लू मून’ अगदी तळाशी, नेव्हरच्या जरा वर. एकाच महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेला ब्लू मून म्हणतात आणि ती साधारण अडीच-तीन वर्षांनी येते. हे दोन्ही वाक्प्रचार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात.

एकेरी शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी, पण इज-आर-वॉजच्या नंतर: ‘ही ऑफन ईट्स भरीत’, ‘द ट्रेन इज ऑफन लेट’. मुलाखतीची तयारी असेल तर आधी ही जागाच पक्की करा.