गाडी धावते तेवढीच वाचवते

नमस्कार. तुमची परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल.

तुमची पेट्रोल गाडी सहा वर्षांची आहे. ७२,००० किलोमीटर झाले आहेत आणि मोठी दुरुस्ती एकदाही निघालेली नाही. रोजचं जाणं-येणं ३८ किलोमीटर, वर्षाला एकूण १२,०००. वर्षातून दोनदा तुम्ही आई-वडिलांकडे जाता, तो प्रवास एका बाजूने ४२० किलोमीटरचा. राहता इमारतीत, गाडी सामायिक पार्किंगमध्ये लागते आणि तिथे चार्जिंगची सोय अजून नाही. तुमच्या दिरांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली, ते खूश आहेत आणि तुम्हालाही घ्यायची आहे. नवऱ्याला बॅटरीची धास्ती वाटते. पैशांची जुळणी तुम्ही अशी केली आहे: जुनी गाडी विकायची, सहा महिन्यांच्या घरखर्चासाठी ठेवलेला राखीव निधी मोडायचा आणि उरलेल्या रकमेचं सात वर्षांचं कर्ज काढायचं. 'घेऊ का?' असं तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर: आत्ता नको. पण इलेक्ट्रिक गाडी वाईट म्हणून नको, असं मी मुळीच म्हणत नाही.

तुम्ही दिलेल्या सगळ्या रकमा मी पेट्रोलच्या लिटरमध्ये बदलून घेतल्या आहेत. प्रत्येक रकमेला तुमच्याकडच्या एका लिटरच्या भावाने भागलं, एवढंच. असं केलं की गाडीची किंमत आणि पंपावर वाचणारा पैसा एकाच मापात समोर येतात. नवी इलेक्ट्रिक गाडी १५,००० लिटरची. तिच्याच तोडीची नवी पेट्रोल गाडी १०,५०० लिटरची. तुमची जुनी गाडी आज विकली तर ३,००० लिटर येतील. राखीव निधीतून ३,००० लिटर आणि कर्ज ९,००० लिटरचं.

आता वर्षाचं इंधन बघू. तुमची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, म्हणजे १२,००० किलोमीटरला ८०० लिटर. तुम्ही बघितलेल्या आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीला १०० किलोमीटरला सुमारे १५ युनिट लागतात. पण चार्ज करताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर १७ धरा. वर्षाला झाले २,०४० युनिट. तुमच्या घरच्या दराने एका लिटरच्या पैशात १२ युनिट येतात, म्हणजे वर्षभराची वीज १७० लिटरच्या भावात. ६३० लिटर वाचले. ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच यांचा खर्च नाही, ब्रेकही कमी झिजतात. पण विम्याचा हप्ता जास्त, आणि वजनामुळे टायर लवकर झिजतात. ही वजाबाकी करून मी वर्षाची निव्वळ बचत ६४० लिटर धरली आहे.

ही बचत खरी आहे आणि ती कुणाच्या मेहेरबानीवर टिकून नाही. एका लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातला साधारण पाव भागच चाकापर्यंत पोचवतं, बाकीचं रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जातं. तेच १५ किलोमीटर इलेक्ट्रिक गाडी अडीच युनिटांत कापते. सवलती येतील-जातील, हा फरक जाणार नाही. म्हणून इलेक्ट्रिक गाडी परवडतच नाही असं सरसकट सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मग अडचण कुठे आहे? ६४० लिटर कशाच्या विरुद्ध मोजायचे, यात आहे. तुम्ही इलेक्ट्रिक गाडीची तुलना नव्या पेट्रोल गाडीशी केली आहे. दोघींतला फरक ४,५०० लिटरचा, तो सात वर्षांत भरून निघतो, असं तुमचं गणित आहे आणि ते बरोबरच आहे. पण नवी पेट्रोल गाडी तुम्ही घेणारच नव्हता! तुमच्यासमोरचा दुसरा पर्याय म्हणजे दारात उभी असलेली, नीट चालणारी, कर्ज फिटलेली गाडी. तिच्याशी तुलना केली तर तुम्ही १२,००० लिटर खर्चून वर्षाला ६४० वाचवताय. ते भरून निघायला जवळजवळ १९ वर्षं लागतील.

त्यात अजून व्याज धरलेलं नाही. ९,००० लिटरचं कर्ज, तुम्हाला मिळालेला ९ टक्के दर, सात वर्षं. पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच ७७० लिटरच्या आसपास जातं. पंपावर वाचवलेलं सगळं बँकेला देऊन वर आणखी शंभरेक लिटर घालावे लागतील. वर्षाचे हप्ते मिळून होतात सुमारे १,७४० लिटर. आज तुम्ही गाडीच्या इंधनावर ८०० खर्च करता. 'पेट्रोलच्या पैशात हप्ता निघेल' हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलं आहे. तो निघत नाही, निम्माही निघत नाही.

आणि राखीव निधी. इथे मी जरा कडक बोलतो, राग मानू नका. तो पैसा गाडीसाठी नाही. सात वर्षांचा हप्ता डोक्यावर घेताना हातातला निधी शून्यावर आणणं म्हणजे जबाबदारी वाढवायची आणि आधार त्याच दिवशी काढून टाकायचा. दोघांपैकी एकाची नोकरी चार महिने थांबली तर गाडी विकावी लागेल, आणि घाईत विकलेल्या गाडीला भाव मिळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत मी हे पाहिलं आहे. गाडी कुठलीही असो, या एका कारणासाठी मी हा व्यवहार थांबवला असता.

तुमचे दीर मात्र चुकलेले नाहीत. त्यांचं रोजचं अंतर ८० किलोमीटर आहे, वर्षाला २२,४०० च्या घरात. स्वतःचं घर, भिंतीवर स्वतःचा प्लग. शिवाय त्यांची जुनी गाडी मोडकळीला आली होती, त्यामुळे त्यांना नवी घ्यायचीच होती. त्यांचा हिशेब खरोखरच ४,५०० लिटरच्या फरकाचा होता, आणि वर्षाला ११७५ च्या आसपास वाचत असल्याने तो चार वर्षांच्या आत पुरा होतो. इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरमागे वाचवते. उभी असताना ती फक्त जुनी होत जाते. त्यांच्यासाठी शहाणपणाचा असलेला व्यवहार तुमच्यासाठी तसाच असेल असं नाही.

प्लगचा मुद्दा तुम्ही पत्रात शेवटी, एका ओळीत टाकला आहे. माझ्या मते तो पहिला हवा होता. घरी चार्जिंग नसेल तर सगळी वीज बाहेरच्या फास्ट चार्जरवर घ्यावी लागेल, आणि तुम्हीच कळवल्याप्रमाणे तिथे एका लिटरच्या पैशात १२ नाही, ५ च युनिट मिळतात. मग वर्षाची वीज १७० वरून ४०८ लिटरवर जाते आणि बचत चारशेवर येते. शिवाय दर आठवड्याला चार्जरपाशी जाऊन थांबायचं. मी स्वतः चार वर्षांपासून इलेक्ट्रिक गाडी चालवतो. रात्री घरी लावायची, सकाळी भरलेली घ्यायची, यात जे सुख आहे तेच या गाडीचं खरं सुख आहे. एकदा पावसात, बंद पडलेल्या चार्जरसमोर मुलांना घेऊन तासभर बसलो होतो. रोज ते नशिबी असतं तर मी गाडी ठेवली नसती.

यात एक चांगली बाजूही आहे. तुमच्या ३८ किलोमीटरला रोज साडेसहा युनिट पुरतात. त्यासाठी महागडा वॉल चार्जर लागत नाही. साधा, पण फक्त गाडीसाठी वेगळा ओढलेला पॉइंट, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), गळती झाल्यास वीज तोडणारं उपकरण आणि पक्कं अर्थिंग एवढं असलं की तीन तासांत काम होतं. एक्स्टेन्शन बोर्ड लावून मात्र कधीही चार्ज करू नका. तासन्‌तास पूर्ण भार ओढण्यासाठी तो बनवलेलाच नसतो.

आता बॅटरी. तुमच्या नवऱ्याची भीती निराधार नाही, पण ती थोडी जुन्या काळातली आहे. २०१० मध्ये आलेल्या निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती, आणि उष्ण प्रदेशांत तिची क्षमता झपाट्याने घसरली. त्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. आजच्या बहुतेक गाड्यांत बॅटरी द्रवाने थंड ठेवली जाते आणि क्षमता वर्षाला सरासरी दोनेक टक्क्यांनीच उतरते. कंपन्या सहसा ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात. आठ वर्षांत तुमचे होतील ९६,००० किलोमीटर. एका चार्जमध्ये माहितीपत्रकातले ४०० किलोमीटर रस्त्यावर ३०० भरतात असं धरू, त्यातली वीस टक्के क्षमता गेली तरी २४० उरतात. रोजच्या अंतराच्या सहापट. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी असेल तर ती जास्त वेळा चार्ज होण्याचा ताण सोसते आणि रोज पूर्ण भरली तरी चालते. निकेलवाल्या बॅटरीला रोज ८० टक्क्यांवर थांबवलेलं बरं.

आई-वडिलांकडच्या प्रवासाची काळजी करू नका. वेगात हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि कडाक्याच्या थंडीत हीटर बरीच वीज खातो, म्हणून मोठ्या रस्त्यावर रेंज आणखी कमी भरेल. वाटेत एकदा, फार तर दोनदा थांबावं लागेल. दर वेळी ८० टक्क्यांपर्यंतच भरायचं, कारण त्यापुढे चार्जिंग मुद्दाम मंद केलेलं असतं. वर्षातल्या चार दिवसांसाठी मोठी बॅटरी विकत घेणं मात्र मला पटत नाही. ते चार दिवस भाड्याची गाडी घ्या, स्वस्तात पडेल.

मला काळजी आहे ती पुनर्विक्रीच्या किमतीची. २०२३ मध्ये टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती अनेकदा उतरवल्या आणि वापरलेल्या गाड्यांचे भाव त्याबरोबर कोसळले. जानेवारी २०२४ मध्ये हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या, तेव्हाही किमतीतली घसरण आणि अपघातानंतरच्या दुरुस्तीचा खर्च हीच कारणं होती. यामागे चांगली गोष्टच आहे. २०१० ते २०२० या दहा वर्षांत बॅटरीचा भाव जवळपास नव्वद टक्क्यांनी उतरला. नवी गाडी स्वस्त होत गेली की कालची गाडी आपोआप उतरते. घेणाऱ्याला वाट बघण्याचा फायदा होतो, विकणाऱ्याला त्याचाच फटका बसतो. तुम्ही आज नवी घेतली तर पहिल्या तीन वर्षांची ती सगळी घसरण तुमच्या माथी येईल.

म्हणून माझी सूचना अशी. आहे ती गाडी अजून तीन वर्षं वापरा. तुम्ही हप्त्याला तयार होतातच, त्यातले वर्षाला १,२०० लिटरचे पैसे वेगळ्या खात्यात टाकत जा, म्हणजे तीन वर्षांत ३,६०० लिटर आणि वर त्यावरचं व्याज जमेल. राखीव निधीला हात लावू नका. मग तीन-चार वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी बघा. बॅटरी द्रवाने थंड होणारी, हमी अजून शिल्लक असलेली, आणि बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा लेखी अहवाल हातात देणारी. अहवाल न देणाऱ्याकडून घेऊ नका. जमलेले पैसे आणि जुन्या गाडीचे तेव्हा येतील ते, हे धरून कर्ज आजच्या तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका.

पर्यावरणाबद्दलही तुम्ही लिहिलं आहे, आणि ते मला आवडलं. बॅटरी बनवताना प्रदूषण जास्त होतं, गाडी धावायला लागली की ते भरून निघतं. पण तुमची जुनी गाडी तुम्ही विकली तरी ती रस्त्यावरच राहील, फक्त दुसऱ्याच्या हातात. तीन वर्षं थांबल्याचा अपराधीपणा बाळगायचं कारण नाही.

माझं उत्तर दोन गोष्टींनी बदलेल. तुमचं रोजचं अंतर दुप्पट झालं, किंवा आहे त्या गाडीचं इंजिन वा गिअरबॉक्स असं काही मोठं निघालं आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला. तसं झालं तर मला पुन्हा लिहा, हिशेब नव्याने मांडू.

तोवर एक काम याच आठवड्यात करा. इमारतीच्या व्यवस्थापनाला पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटसाठी लेखी अर्ज द्या. मीटर कुणाच्या नावावर असेल, केबल कुठून जाईल आणि इमारतीचा मंजूर वीजभार पुरेल का, हे तीन प्रश्न त्यात स्पष्ट विचारा. शेजारच्या दोन-तीन कुटुंबांच्या सह्या सोबत जोडता आल्या तर उत्तम. अशा परवानग्यांना वर्षही लागू शकतं, आणि ते वर्ष तुमच्याकडे आहे.