टेप न काढताच टन सांगणारा कंत्राटदार

प्रश्न : एसी बसवायचा म्हणून तीन कंत्राटदारांना घर दाखवलं. दोघांनी दारातूनच ‘दीड टन लागेल’ असं सांगितलं. तिसऱ्याने बराच वेळ मोजमापं घेतली आणि एक टन पुरेल म्हणाला. कोणाचं ऐकावं?

तिसऱ्याशी बोलणी पुढे न्या. एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. ती किती लागेल हे नुसत्या चौरस फुटांवर ठरत नाही. वर गच्ची आहे का, खिडक्या पश्चिमेला आहेत का, खोलीत माणसं किती, हे विचारावंच लागतं. ‘थोडं मोठंच घेऊ’ हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून थांबतो, दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गार, पण अंग चिकचिकीत. इन्व्हर्टर एसी थांबण्याऐवजी कॉम्प्रेसरचा वेग कमी करतो, पण त्यालाही खालची मर्यादा असते. तिसऱ्याकडून त्याचा हिशेब तेवढा लेखी मागून घ्या.

प्रश्न : एकाच मॉडेलच्या दोन कोटेशनांत एवढी तफावत कशी?

बहुधा स्वस्त कोटेशनात निम्म्या गोष्टी धरलेल्याच नसतात. कॉपर पाइप किती फूट, जाडी किती, ड्रेन पाइप, आउटडोअर युनिटचा स्टँड, स्वतंत्र वायरिंग आणि एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), भिंतीला भोक पाडणं : दोघांकडूनही हे एकेक ओळीत लिहून घ्या आणि मग बेरीज बघा.

प्रश्न : मला तांत्रिक काही कळत नाही. काम चालू असताना बघू तरी काय?

व्हॅक्यूम पंप, म्हणजे पाइपांतली हवा ओढून काढणारं यंत्र. तो आणलाच नसेल तर काम तिथेच थांबवा. पाइप जोडल्यावर आत हवा आणि तिच्यातला ओलावा राहतो. ओलाव्यामुळे कॉम्प्रेसरच्या तेलात आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर आतून खराब होत जातो. त्रास काही महिन्यांनी दिसतो, तोवर कंत्राटदार फोन उचलेनासा झालेला असतो! काही जण पंप टाळून एसीतलाच थोडा गॅस पाइपांत सोडतात आणि हवा बाहेर ढकलतात. ‘आम्ही नेहमी असंच करतो’ हे उत्तर मान्य करू नका. एसीत आर-32 हा गॅस असेल तर तो थोडाफार पेटही घेतो.

चांगला मेकॅनिक आधी नायट्रोजन भरून गळती तपासतो, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघतो. नंतर पंप लावून आतला दाब 500 मायक्रॉनच्या (इथे हे अगदी कमी दाब मोजायचं एकक) खाली नेतो, पंप बंद करतो आणि आकडा टिकतो का ते पाहत थांबतो. हे काम ठरवतानाच सांगा, आणि त्या आकड्याचा फोटो मागा. खरं काम करणाऱ्याला याचा राग येत नाही.

प्रश्न : हिवाळ्यात उबही हवी आहे. वेगळा हीटर लावावा का?

हीट पंप प्रकारचा एसी दोन्ही कामं करतो. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून विजेच्या एका युनिटमागे सौम्य थंडीत तीनेक युनिट उष्णता मिळते. थंडी वाढते तशी ही क्षमता घटते. तेव्हा ‘बाहेर किती तापमान असताना एवढी उष्णता मिळेल?’ हे विचाराच. हिवाळ्यात आउटडोअरमधूनही पाणी गळतं, त्याची सोय कुठे केली आहे तेही बघा.

प्रश्न : दरवर्षी गॅस भरावा लागेल, असं कंत्राटदार आधीच सांगतोय.

मग दुसरा बघा. गॅस बंद पाइपांत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि हा माणूस ती आत्ताच गृहीत धरतोय.