लिनक्स कर्नलच्या तीन मेंटेनरांकडे जाणारे पॅच एकाच सिरीजमध्ये पाठवावेत की वेगवेगळे?

एकाच सिरीजमध्ये. नंबर घालून, सगळ्या सिरीजची ओळख सांगणारं कव्हर लेटर लावून, आणि तिन्ही मेंटेनरांना सगळेच्या सगळे पॅच. (मेंटेनर म्हणजे कर्नलच्या एकेका भागाची जबाबदारी असलेला माणूस, पॅच म्हणजे कोडमधला एक सुटा बदल.) तुम्ही लिहिलंय की तुमचे सीनियर म्हणतात, ‘ज्याचा पॅच त्याला पाठव, पुढचं ते बघतील.’ हेच वाक्य मी २०१८ साली महाप्याच्या ऑफिसात ऐकलंय, म्हणून एवढं लिहायला बसलो.

आमची कंपनी छोटी. टीटीसी या नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत मीटरचं रीडिंग गोळा करणारे गेटवे बनवायची. बोर्डावरच्या पॉवर मॅनेजमेंट चिपचा नवा प्रकार आला होता. जुन्याचा सपोर्ट कर्नलमध्ये आधीपासून होता. काम तीन पॅचचं. पहिला एमएफडीमध्ये (अनेक कामं करणाऱ्या चिपचा सामायिक भाग), तिथल्या हेडर फाइलीत नव्या चिपचा आयडी आणि रजिस्टरचे नंबर. दुसरा रेग्युलेटर ड्रायव्हरमध्ये (व्होल्टेज सांभाळणारा), तिसरा जीपीआयओमध्ये (साध्या इनपुट-आउटपुट पिना सांभाळणारा). दुसरा आणि तिसरा पहिल्यातल्या त्या नंबरांशिवाय कंपाइलच होत नाहीत. मी तिन्हींची सिरीज बांधून ठेवली होती. आमचे सीनियर, म्हणजे सर, म्हणाले, ‘सगळ्यांना सगळं पाठवून कशाला त्रास देतोस? रेग्युलेटरवाला रेग्युलेटरचं बघेल.’ मी नवा होतो. ऐकलं. जुलैत तीन सुटे मेल गेले, आणि कोणता पॅच कशावर उभा आहे याचा एकातही उल्लेख नव्हता.

रेग्युलेटरच्या मेंटेनरने दोन दिवसांत पॅच घेतला. एमएफडीचा रांगेतच. लिनक्स-नेक्स्टमध्ये सगळ्या मेंटेनरांची ट्री, म्हणजे त्यांच्याकडच्या कोडच्या प्रती, जवळपास रोज एकत्र करून बिल्ड होते, तिथे आमच्या फाइलीवर बिल्ड फुटली. बिल्ड आपोआप तपासणाऱ्या रोबोचा मेल मी सकाळच्या ठाणे-पनवेल लोकलमध्ये उभ्याने वाचला, ऐरोली सुटून रबाळे यायच्या आत. संध्याकाळपर्यंत मेंटेनरने पॅच काढून टाकला आणि एवढंच विचारलं की हा पॅच नक्की कशावर अवलंबून आहे. प्रश्न अगदी रास्त होता.

१२ ऑगस्टला कर्नलचं ४.१८ आलं, पुढच्या आवृत्तीत नवे बदल घेण्याची मुदत, म्हणजे मर्ज विंडो, उघडली, २६ तारखेला ४.१९ च्या आरसी-१ ने (पहिल्या चाचणी आवृत्तीने) बंद झाली. आमचं काहीच आत नव्हतं. सप्टेंबरात, गणपतीच्या आधी, मी तीच जुनी सिरीज पुन्हा काढली आणि कव्हर लेटरच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं: पॅच २ आणि ३ ना पॅच १ लागतो, एकाच ट्रीमधून जावेत किंवा सामायिक ब्रँच मिळावी. एमएफडीच्या मेंटेनरने पहिला पॅच आरसी-१ वर वेगळ्या ब्रँचमध्ये घेतला, सही केलेला टॅग लावला आणि बाकी दोघांना ती ब्रँच ओढायला सांगितली. या ब्रँचला पुढे कोणी हात लावायचा नाही, रिबेस करायचा नाही, म्हणजे ती नव्या पायावर पुन्हा रचायची नाही. त्यामुळे तिन्ही ट्रीमध्ये तोच कमिट (नोंदवलेला बदल), तोच हॅश (त्याचा ओळख क्रमांक) राहतो, आणि कर्नलचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स तिन्ही मर्ज करतात तेव्हा गिटला, म्हणजे कोडच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीला, ते एकच काम म्हणून ओळखू येतं. तोच पॅच तिघांनी आपापला लावला असता तर मजकूर एक पण कमिट तीन झाले असते, आणि त्याच ओळींवर कोणी पुढे काही बदललं की मर्ज करताना भांडण.

२३ डिसेंबरच्या ४.२० मध्ये ते आलं. जुलैत असंच पाठवलं असतं तर ऑक्टोबरच्या ४.१९ मध्येच आलं असतं. आणि सरांनी क्लायंटला काय सांगितलं? ‘अपस्ट्रीमच्या (म्हणजे मूळ कर्नलच्या) प्रक्रियेमुळे उशीर झाला.’ मी त्याच मीटिंगमध्ये बसलो होतो. प्रक्रियेने उशीर केला नव्हता. मेंटेनरला शेकडो पॅच येतात, तुमच्या तीन मेलांचं एकमेकांशी काय नातं आहे हे त्याने ओळखावं असं म्हणणं म्हणजे स्वतःचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं. कर्नलच्या आतल्या एपीआयला, म्हणजे एका भागाने दुसऱ्याची फंक्शन वापरायच्या पद्धतीला, स्थिरतेची हमी नाही, कर्नलचे ज्येष्ठ मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ते कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सकारण लिहून ठेवलंय. त्याची दुसरी बाजू अशी की जो बदल करतो त्यानेच आतले सगळे वापरणारे सांभाळायचे. ६.४ मध्ये क्लास_क्रिएट या फंक्शनमधलं एक आर्ग्युमेंट काढलं, तेव्हा ते वापरणारा प्रत्येक ड्रायव्हर त्याच कमिटमध्ये बदलला गेला. ‘पुढचं ते बघतील’ हे तिथे कोणी म्हणालं नाही.

कोणाच्या ट्रीमधून जाणार हे मेंटेनर आपसांत ठरवतात. साधारण ज्याच्या पॅचवर बाकीचे उभे आहेत त्याचं ट्री. सिरीज लहान असली तर बाकीचे ॲक (संमती) देतात आणि एकच जण सगळी घेतो. तुम्ही नुसतं सुचवा, ठरवू नका.

एक सांगायचं राहिलं. ड्रायव्हर पूर्ण नवा असेल आणि त्याचं केकॉन्फिग (काय बिल्ड करायचं ते ठरवणारी नोंद) पहिल्या पॅचमधल्या नव्या पर्यायावर ‘डिपेंड्स ऑन’ असेल, तर पॅच वेगवेगळ्या ट्रीमधून गेले तरी चालतं. तो पर्याय येईपर्यंत ड्रायव्हर बिल्डच होत नाही. पण कोणी तिथे ‘कंपाइल टेस्ट’चा (ती अट पुरी नसतानाही बिल्ड करू देणारा) पर्याय जोडला असेल तर आमच्यासारखंच फुटणार. आणि डीटीएसच्या (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या) फाइली तशाही एसओसीच्या (मुख्य चिपच्या) ट्रीमधून वेगळ्या जातात, त्यांना हे सगळं लागू नाही.

पाठवण्याआधी गिट रिबेसला ‘एक्झेक’मध्ये मेक द्या, म्हणजे प्रत्येक पॅच लावल्यावर बिल्ड होते. शेवटचा पॅच लावून बिल्ड झाली यावर समाधान मानू नका. मधला एक जरी फुटका असला तर दोन वर्षांनी बायसेक्ट करणारा, म्हणजे बिघाड कोणत्या कमिटने आला ते शोधणारा, कोणीतरी अनोळखी माणूस नेमका तिथे अडकतो. सर म्हणायचे, एवढा वेळ कोणाला आहे. तीन पॅचना माझ्या लॅपटॉपवर एका चहाइतका वेळ लागतो, आणि त्या सप्टेंबरपासून मी ते एकदाही चुकवलेलं नाही.