थॉम्पसन द्राक्षाची प्रतिकारशक्ती कलमांमुळे गेली का?

दिंडोरीच्या भाऊंनी विचारलंय: कलमावर कलम करत आल्याने थॉम्पसनमधली डाऊनी (केवडा, म्हणजे बुरशीचा रोग) रोखणारी जनुकं गळाली का, म्हणून फवारण्या वाढल्या का?

तसं नाही, भाऊ. थॉम्पसनमध्ये डाऊनीविरुद्ध दमदार जनुक मुळातच नव्हतं. हा वाण युरोप-आशियाच्या द्राक्षकुळातला. डाऊनी मूळचा अमेरिकेचा, युरोपात पोचला तो १८७८ च्या सुमारास. ज्या रोगाशी कधी गाठच पडली नाही, त्याच्याविरुद्धची जनुकं टिकणार कशी? अमेरिकेतल्या रानद्राक्षांत ती आहेत. ज्यावर आपण थॉम्पसनचं कलम भरतो तो डॉगरिज खुंटही तिकडचाच, पण त्याची जनुकं वर पानांत चढत नाहीत.

जनुकं गळतात हे मात्र खरं. रोग ओळखणारी जनुकं गुणसूत्रावर बहुतेकदा झुबक्याने असतात आणि एकमेकांसारखीच असतात. पराग किंवा बीजांड तयार होताना गुणसूत्रांची जोडी समोरासमोर येऊन तुकडे बदलते. सगळं सारखंच असल्याने, सदऱ्याची गुंडी एक काज सोडून लागावी तशी जोडी सरकते. मग एकीकडे जनुक जास्तीचं येतं, दुसरीकडून ते जातं. मक्यात तांबेऱ्याविरुद्धचा आरपी-१ हा झुबका यामुळेच अस्थिर आहे. प्रतिकारक झाडाच्या बियांतून मधूनच रोगाला बळी पडणारं रोप निघतं. रोग नसेल तिथे असं जनुक बाळगणं महागही पडतं. अरॅबिडॉप्सिस या छोट्या झाडावरच्या २००३ च्या प्रयोगात आरपीएम-१ जनुक असलेल्या रोपांना बी सुमारे ९ टक्के कमी आलं. मग जनुक गमावलेली रोपंच पुढे सरकतात.

पण हे सगळं बी धरताना घडतं. खुंटावर कलम भरताना ती पायरी येतच नाही. काडीतही क्वचित मोठी मोडतोड होते, नाही असं नाही. स्पेनमध्ये १९८८ साली टेम्प्रानिलो या काळ्या द्राक्षाच्या एका वेलीवर पांढरे घड आले. पुढे तपासलं तेव्हा गुणसूत्रं मोडून ३१३ जनुकांची एकेक प्रत गेलेली निघाली. असा बदल एका फुटीत होतो, निफाड ते दिंडोरी सगळ्या बागांत एकदम होत नाही.

बदलली आहे ती बुरशी. बुरशीच्या एकाच जागी घाव घालणारं औषध पुन्हापुन्हा मारलं की त्याला दाद न देणारीच मागे उरते. स्ट्रॉबिल्युरिन या बुरशीनाशकांच्या गटाला चकवायला तर बुरशीच्या एका जनुकातला एकच बदल पुरतो. तुमच्याकडे फळछाटणीनंतर कोणते गट, कितव्या दिवशी, किती वेळा मारले ते वहीत बघून इथे लिहा. मॅन्कोझेबसारखं अनेक जागी काम करणारं औषध जोडीला होतं का, तेही सांगा. त्यावरून पुढचं ठरवता येईल.