चिरेत भुसा-फेविकॉल भरू नका

श्रावणात सागाची छोटी पेटी हातअवजारांनी केली, आता एप्रिलमध्ये तळाला उभी चीर गेली, तिच्यात भुसा आणि फेविकॉल कालवून भरू का, असं तुम्ही विचारलंय. भरू नका. हेच मी केलं होतं.

आमच्या झोपाळ्याची जुनी फळी होती. तिच्यातून बहिणीसाठी दागिन्यांची पेटी केली, रत्नागिरीत, ऐन पावसात. कोपऱ्यांच्या डव्हटेलवर (एकमेकांत अडकणाऱ्या दातांचा सांधा) तीन रविवार घालवले आणि तळ मात्र पाच मिनिटांत चारही कडांना फेविकॉल लावून चौकटीत ठोकून बसवला. फळी वखारीत चिरून घेतली तेव्हा विचारलंही होतं. वखारवाला म्हणाला, 'साठ वर्षांचा साग आहे, आता काय हलतोय!' लाकूड कितीही जुनं असो, हवेतली ओल पितं आणि सोडतं. लांबीत जवळपास काही नाही, रुंदीत मात्र हलतंच. सात इंच रुंद तळ कोकणच्या पावसाळ्यातून नागपूरच्या मे महिन्यात गेला की दीड-दोन मिलिमीटर सहज आकसतो. बहीण नागपूरला. एका रात्री कपाटात फाडकन आवाज झाला, तिला वाटलं काचेचं काही फुटलं.

मी गेलो, चीर भरली आणि इतकी गुळगुळीत घासली की बोट फिरवूनही कळेना. फार खूश होतो स्वतःवर. गणपतीला ती पेटी घेऊन आली तर दोन कोपरे उघडलेले! तळ परत फुगला होता, आणि त्याची फुगायची जागा मीच बुजवली होती. मग त्याने लांब बाजू बाहेर रेटल्या. नुसती चीर असती तर तळ बदलून भागलं असतं.

तुमचे कोपरे अजून शाबूत दिसतात. तळ पटाशीने (सुताराच्या छिन्नीने) मधून तुकडे करत काढा, बाजूंवर जोर देऊ नका. मग आतून बारीक पट्ट्या लावून त्यांवर ४ मिमी प्लाय चिकटवा. प्लाय असा हलत नाही. लोक नाक मुरडतील, मुरडू देत.

पुढच्या पेटीला बाजू जोडायच्या आधीच आतून खाच मारा आणि तळ खाचेत मोकळा ठेवा, फेविकॉल अजिबात नाही. पावसाळ्यात करत असाल तर तो जवळपास टेकला तरी चालेल. उन्हाळ्यात दोन्हीकडे मिलिमीटरभर जागा सोडा. व्हिडिओवाले सगळे डव्हटेल दाखवतात, तळाचं कुणी बोलत नाही, याचा मला अजून राग येतो.

मी सुतार नाही, सुट्टीच्या दिवशीचा हौशी माणूस. हे सगळं सागापुरतं. आंब्याचं लाकूड मी वापरलेलं नाही. आणि हो, पेटीला आतून अळशीचं तेल लावू नका, झाकण उघडलं की महिनोन्महिने वास येतो. चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून दोन पातळ हात द्या.