वर्ग इंग्रजीत असला तरी जर्मन शिकूनच निघा

तुम्ही विचारलंय : दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर पुण्यात मेकॅनिकल, आता जर्मनीत इंग्रजीतून मास्टर्स करायचंय. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ६.५ आहेत, तर जर्मन शिकायची गरज आहे का?

आहे. आणि इंग्रजीची जी धास्ती प्रश्नात दिसते, ती थोडी कमी करा. मी जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यात मास्टर्स केलं. प्राध्यापक जर्मन, वर्गात चिनी, इराणी, तुर्की आणि आपण. इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नाही, त्यामुळे उच्चारांना कुणी हसत नाही. अडतं ते बोलण्याच्या वेगात. मनातलं मराठी वाक्य इंग्रजीत जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. तिथे बऱ्याच विषयांची परीक्षा तोंडी असते, प्राध्यापकांसमोर बसून द्यायची. नापास झालात तर पुन्हा बसायच्या संधीही मोजक्याच मिळतात. म्हणून आपल्या बी.ई.च्या प्रोजेक्टबद्दल रोज दहा मिनिटं मोठ्यानं इंग्रजीत बोलायची सवय आत्ताच लावा. आयईएलटीएसचे गुण तोंडी परीक्षेत फारसे कामाला येत नाहीत.

आता जर्मन. वर्गाबाहेर पाऊल टाकलं की सगळा कारभार जर्मनमध्ये. सरकारी कामकाजाची भाषा कायद्यानंच जर्मन आहे. व्हिसा कार्यालयाची पत्रं, घरभाड्याचा करार, दर महिन्याला घरामागे १८.३६ युरो मागणारं रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र, सगळं जर्मनमध्ये आणि बहुतेक पत्रांवर मुदत घातलेली. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी परीक्षेच्या नियमावलीची जर्मन प्रतच अनेक ठिकाणी कायदेशीर धरतात. डॉक्टरांना इंग्रजी येतं, पण अपॉइंटमेंट देणाऱ्या बाईंना येईलच असं नाही.

सर्वांत मोठा फरक पडतो नोकरीत. शिकता शिकता कंपनीत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे वेर्कश्टुडेंट म्हणतात. पुढची नोकरी पुष्कळदा या कामातूनच मिळते, आणि मेकॅनिकलच्या अशा जाहिरातींत बी१ किंवा बी२ (म्हणजे मधल्या पातळ्यांचं) जर्मन सर्रास मागतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. त्या काळात भाषा शिकायला बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. मला त्यांचं फार वाईट वाटायचं, कारण हे त्यांना आधी कुणी नीट सांगितलंच नव्हतं. एजंट ‘सगळं इंग्रजीत आहे’ एवढंच सांगतात.

बी१ पर्यंत पोहोचायला, जर्मन शिकवणाऱ्या गटे इन्स्टिट्यूटच्या हिशोबानं, ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात. तिथे असाइनमेंट, स्वयंपाक, पार्टटाइम काम सांभाळून ते जमवणं कठीण. तुम्ही पुण्यात आहात, म्हणजे मॅक्सम्युलर भवन आहे, विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. निघण्याआधी बी१ च्या खालची ए२ पातळी तरी पक्की कराच. मराठी माणसाला इथे एक फायदा आहे : जर्मनमध्येही तीन लिंगं आणि विभक्त्या आहेत. ‘नपुंसकलिंग म्हणजे काय’ हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. फक्त लिंगं जुळत नाहीत, ती पाठच करावी लागतात.

क्लासमधली जर्मन आणि रस्त्यावरची जर्मन यांतही अंतर असतं. सॅक्सनीत क, त, प हे ग, द, ब असल्यासारखे ऐकू येतात. पहिले काही आठवडे बेकरीत पैसे किती झाले हेही कळत नाही. घाबरू नका, कानाला सवय होते. मात्र ती व्हायला जर्मन माणसांत राहावं लागतं. शक्य असेल तर जर्मन मुलांबरोबर शेअर्ड फ्लॅट घ्या. चार मराठी मुलांनी एकत्र राहणं सुखाचं असतं, मीही राहिलो आहे, पण त्या घरात जर्मन वाढत नाही.

प्रवेशपत्र आलं की विद्यापीठाच्या भाषाकेंद्राची वेबसाइट बघा. विद्यार्थ्यांसाठी जर्मनचे वर्ग फुकट किंवा अगदी कमी पैशांत असतात, पण जागा लवकर भरतात. तुमची पातळी ठरवणारी चाचणी ऑनलाइन असेल, तर ती पुण्यातूनच देऊन टाका.