'हान' : एक की तीन?

विचारणा अशी आहे : कोरियन लिपीतल्या 'हान'ची लांबी संगणक कधी १ सांगतो, कधी ३. मग त्याला अक्षर म्हणायचं की वर्ण?

आपल्या व्याकरणातली जोडी इथे नेमकी लागू पडते. ह, आ, न हे तीन वर्ण. कोरियनमध्ये त्यांना जामो म्हणतात. ते एका चौकोनात रचले की 'हान' हे एक अक्षर. देवनागरीत 'क्षि'ला स्वतःचा संकेतांक (संगणकातला ओळखक्रमांक) नाही. क, हलन्त, ष, वेलांटी असे चार संकेत ओळीने साठवले जातात आणि जुळवणी फॉन्ट करतो. कोरियनमध्ये मात्र युनिकोडने (सगळ्या लिप्यांना संकेतांक देणाऱ्या जागतिक प्रमाणाने) सुटे जामोही दिलेत आणि तयार अक्षरंही. सगळा घोळ या दुहेरीपणातून होतो.

तयार अक्षरं ११,१७२ आहेत. आरंभीची व्यंजनं १९, स्वर २१, शेवटची व्यंजनं (जोड्या धरून) २७ आणि 'शेवटी काहीच नाही' हा २८वा पर्याय. त्यांचा गुणाकार तेवढाच येतो. क्रमांकही याच हिशोबाने लावलेत, त्यामुळे तक्ता लागत नाही. मोजणी शून्यापासून : ह १८वा, आ ०, शेवटचा न ४था. १८ गुणिले २१, अधिक ०, म्हणजे ३७८. त्याला २८ने गुणून ४ मिळवा : १०,५८८. त्यात पहिल्या तयार अक्षराचा संकेतांक ४४०३२ मिळवला की ५४६२०, हा 'हान'चा दशमान संकेतांक. उलट जायचं तर ४४०३२ वजा करून आधी २८ने, मग २१ने भागा. पहिली बाकी शेवटच्या व्यंजनाचा क्रमांक, दुसरी स्वराचा, आणि उरलेला भागाकार आरंभीच्या व्यंजनाचा.

तेच 'हान' ४३७०, ४४४९, ४५२३ असे तीन जामो ओळीने ठेवूनही लिहिता येतं. पडद्यावर सहसा फरक दिसत नाही, पण लांबी ३ येते, आणि शोधताना एक रूप दुसऱ्याशी जुळत नाही. यूटीएफ-८मध्ये (संकेतांक बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) तयार अक्षर ३ बाइटचं, सुटं रूप ९ बाइटचं. फाइलनावाला २५५ बाइटची मर्यादा असेल तर अशी तयार अक्षरं ८५ मावतात, सुट्या रूपात जेमतेम २८. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नावं सुट्या रूपातच साठवायची. तिथून आलेल्या झिपमधली नावं विंडोजवर विस्कटलेली दिसतात ती त्यामुळे.

उपाय : तुलना किंवा मोजणी करण्याआधी मजकूर एनएफसी रूपात (सुटे तुकडे जोडलेल्या, युनिकोडने ठरवलेल्या रूपात) आणा. पायथन या संगणकभाषेत युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ हे काम करतं. एक फसवी जागा आहे. कीबोर्डवर एकेकटा वर्ण टंकला की बहुधा १२६२२ (ह), १२५९६ (न) अशा तिसऱ्याच संचातला जामो उमटतो. हा जुन्या प्रमाणाशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेला संच. एनएफसी त्यांना जोडत नाही. एनएफकेसी (सुसंगतीसाठीचे पर्यायी संकेतही एकरूप करणारं रूप) जोडतं, पण शेवटच्या 'न'ला आरंभीचा समजून 'हा' आणि सुटा 'न' हाती देतं. म्हणून एनएफकेसी डोळे झाकून वापरू नये.

जुन्या फाइलींचं दुखणं वेगळं. १९८७च्या कोरियन प्रमाणात, केएस सी ५६०१मध्ये, तयार अक्षरं २,३५०च होती. उरलेली ८,८२२ मायक्रोसॉफ्टने सीपी९४९मध्ये (विंडोजच्या कोरियन संकेतपद्धतीत) शिल्लक जागांत बसवली, त्यामुळे बाइटांच्या क्रमाने लावलं तर अकारविल्हे बिघडते. फाइलीवर 'ईयूसी-केआर' (केएस सी ५६०१वर आधारलेली संकेतपद्धत) लिहिलेलं असलं तरी वाचताना सीपी९४९च निवडा. काटेकोर ईयूसी-केआर त्या जादा अक्षरांवर अडतं.

हा प्रकार आपल्याकडे अगदीच नाही असंही नाही. 'दऱ्या'मधला ऱ २३५३ असा एकसंध असू शकतो, किंवा र (२३५२) आणि खालचा नुक्ता (२३६४) असा दोन तुकड्यांत. मराठी शब्दसूचीत 'दऱ्या' असूनही सापडत नसेल, तर आधी हे तपासा. एनएफसी इथेही जोडून देतं.